पहिला कथाप्रधान मोबाइल आरपीजी: नवख्यांनी काय सांभाळावं

कथाप्रधान रोल-प्लेइंग गेम करायला निघालेली नवखी मंडळी बहुधा जगाचा नकाशा, राजघराण्यांचा इतिहास आणि ५० पात्रांची यादी यांपासून सुरुवात करतात. काही महिन्यांनी वह्या भरलेल्या असतात, पण खेळता येईल असं काहीच हाती नसतं. म्हणून आधी २० मिनिटांचा एकच अध्याय करा, पण तो पूर्ण करा. एक गाव, तीन पात्रं, परिणाम दिसेल असा एक निर्णय, तीन-चार लढाया, सेव्ह-लोड आणि आवाज, एवढं सगळं संगणकावर नाही तर खऱ्या फोनवर चाललं पाहिजे. फोनही शक्यतो जुना आणि कमी रॅमचा घ्या. एवढं उभं राहिलं की उरलेल्या अध्यायांना किती वेळ लागेल याचा खरा हिशेब मांडता येतो.

इंजिन, म्हणजे गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर, निवडण्यात फार दिवस घालवू नका. द्विमितीय, संवादप्रधान गेमसाठी युनिटी आणि गोडो दोन्ही पुरतात. गेम मराठीत असेल तर मात्र मजकूर पडद्यावर कसा उमटतो हे पहिल्याच दिवशी पाहा. युनिटीतलं टेक्स्टमेशप्रो हे मजकूर दाखवणारं साधन जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी स्वतःहून नीट जुळवत नाही. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी असल्यामुळे देवनागरी बरोबर दिसते. ‘शक्ती’, ‘विद्यार्थी’, ‘स्त्री’, ‘दृष्टी’ हे चार शब्द लिहून पाहिले की पुरेसं कळतं.

आता लेखनाकडे वळू. २० मिनिटांच्या अध्यायात निम्मा वेळ चालणं आणि लढणं यात जातो. वाचनाला उरलेल्या १० मिनिटांत दीड-दोन हजार शब्द मावतात. त्यापुढे गेलात की लोक वाचणं सोडून नुसतं बोट आपटत राहतात. संवादाच्या चौकटीत दोन, फार तर तीन ओळी ठेवा. पात्राचं नाव, मुद्रा आणि वाक्य एका नजरेत आलं पाहिजे. मागचे संवाद पुन्हा वाचायची सोय आणि आधी वाचलेला भाग वगळायचं बटण पहिल्या बिल्डपासूनच, म्हणजे खेळता येणाऱ्या पहिल्या आवृत्तीपासूनच, द्या. लढाई हरल्यावर तोच लांबलचक प्रसंग पुन्हा पाहावा लागणं याइतकं चिडवणारं या प्रकारात दुसरं काही नसेल.

निर्णयांच्या फांद्या मोजून वाढवा. दोन पर्यायांचे १० निर्णय खरोखर वेगळे नेले तर १,०२४ वाटा होतात, आणि त्या कोणीही लिहून पुऱ्या करू शकत नाही. त्याऐवजी वाट दोन-तीन प्रसंगांपुरती फुटू द्या आणि परत एकत्र आणा. निर्णयाची आठवण मात्र फ्लॅगमध्ये, म्हणजे सेव्हमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेत, जपा. पहिल्या अध्यायात सोडून दिलेला चोर चौथ्या अध्यायात एका वाक्यापुरता भेटला तरी खेळाडूला आपल्या निवडीला किंमत आहे असं वाटतं. इथे कंजूषपणा करू नये. कथेचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लक्षात राहणारा परिणाम हाच. असं लेखन थेट कोडमध्ये करू नका. इंकल स्टुडिओने २०१६मध्ये मुक्तस्रोत केलेली इंक ही लेखनभाषा किंवा यार्न स्पिनर हे तसंच साधन वापरा. लेखकाला प्रोग्रॅमरची वाट न पाहता प्रसंग बदलता आले पाहिजेत. प्रत्येक वाक्याला कायमचा ओळखक्रमांक द्या, म्हणजे पुढे भाषांतर करताना किंवा आवाज जोडताना वाक्यं इकडची तिकडे होणार नाहीत.

लढाईचं गणित साधं ठेवा. ‘हल्ला वजा बचाव’ हे सूत्र सगळ्यांना आधी सुचतं आणि लवकरच मोडतं, कारण बचाव हल्ल्याइतका झाला की इजा शून्यावर येते. हल्ल्याचा वर्ग भागिले (हल्ला अधिक बचाव) हे सूत्र जास्त टिकतं. हल्ला १०० असताना बचाव ५० असेल तर इजा ६७ होते, १०० असेल तर ५० आणि २०० असेल तर ३३. आकडे स्प्रेडशीटमध्ये ठेवा. साधी लढाई तीन-चार फेऱ्यांत संपावी, नाहीतर मधल्या मारामारीत खेळाडू कथेचा धागा विसरतो.

चित्रांचं वजन बरेच जण फाइलच्या आकारावरून ठरवतात, पण मेमरी वेगळं सांगते. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं दाबलेलं नसलेलं चित्र १६ एमबी जागा खातं. तेच एएसटीसी या चित्रं दाबायच्या पद्धतीच्या ६ बाय ६ ठोकळ्यांत दाबलं की दोन एमबीच्याही आत येतं. कथाप्रधान गेममध्ये मोठ्या मुद्रा आणि पार्श्वभूमी भरपूर असतात, त्यामुळे स्वस्त फोनवरचे बरेचसे क्रॅश इथूनच येतात.

सगळ्यात जास्त काळजी सेव्हची घ्या. फोनवर गेम ‘बंद’ होत नाही. फोन येतो, खेळाडू दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि सिस्टीम तुमचा गेम न सांगता मारून टाकते. बाहेर पडताना सेव्ह करणारा कोड अशा वेळी चालतच नाही. म्हणून ॲप पार्श्वभूमीला जाताच सेव्ह करा, शिवाय प्रत्येक निर्णयानंतर आणि लढाईनंतरही करा. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, ती पूर्ण झाली की मगच जुन्या फाइलची जागा तिला द्या. लिहिता लिहिता बॅटरी संपली तरी मागची सेव्ह शाबूत राहते. फाइलमध्ये आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून असू द्या.

प्रकाशनाआधी परीक्षकांची सोय करून ठेवा. १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या गूगल प्लेच्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस बंद (म्हणजे निवडक लोकांपुरती) चाचणी दाखवावी लागते. नुसते आकडे भरायला माणसं गोळा करू नका. त्यांना खेळताना पाहा, मध्ये बोलू नका आणि कुठे बोटं वेगाने आपटायला लागतात ते टिपून ठेवा. कापायचे संवाद बहुधा तेच असतात. क्रॅशवरही नजर हवी. खेळाडूंना जाणवणारा क्रॅशदर १.०९ टक्के किंवा गेम अडकून पडण्याचा दर ०.४७ टक्के ओलांडला, तर गूगल प्लेवर गेमचं दिसणं कमी होऊ शकतं.

रिव्ह्यू वाचताना तारे आणि मजकूर वेगळे ठेवा. ‘कथा छान, पण...’ असं लिहून दोन तारे देणारा माणूस तुमचा खरा वाचक आहे. त्या ‘पण’पुढे बहुतेक वेळा हरवलेली सेव्ह, बारीक अक्षरं किंवा प्रसंगाच्या मध्येच आलेली जाहिरात असते. जाहिरात ठेवायचीच असेल तर अध्यायाच्या शेवटी ठेवा. रिव्ह्यूची विनंतीही तिथेच करा, लढाई हरल्यानंतर कधीही नाही. आयफोनवर ॲपलची ठरलेली विनंतीची चौकट वर्षात जास्तीत जास्त तीनदाच दिसते, तेव्हा जागा विचार करून निवडा. यादृच्छिक बक्षिसं पैसे घेऊन विकणार असाल तर त्यांची शक्यता विक्रीआधी जाहीर करणं ॲप स्टोअरला २०१७पासून बंधनकारक आहे. कथा आवडलेले खेळाडूसुद्धा बक्षिसांच्या बाबतीत माफ करत नाहीत. सप्टेंबर २०२१मध्ये गेन्शिन इम्पॅक्टच्या पहिल्या वर्धापनदिनाच्या बक्षिसांवरून गूगल प्लेवर एक ताऱ्यांचा मारा झाला होता, आणि तोपर्यंत तो गेम जगभर गाजलेला होता.

पॅच, म्हणजे दुरुस्तीची नवी आवृत्ती, देताना टप्प्याटप्प्याने सोडा: आधी थोड्या टक्के लोकांना, मग क्रॅशचे आकडे पाहून सगळ्यांना. त्याआधी प्रत्येक जुन्या आवृत्तीची एकेक सेव्ह नव्या बिल्डमध्ये उघडून पाहा. कथेतला फ्लॅग काढून टाकू नका, त्याचं नाव बदलू नका. नको असेल तर पडून राहू द्या. तिसऱ्या अध्यायात थांबलेला खेळाडू महिन्यांनी परत येतो, आणि त्याच्या सेव्हमध्ये तो फ्लॅग अजून असतो.