काटकोनी प्रिझम: कर्ण मोकळा ठेवा

लेझरचा किरण ९० अंशांत वळवायला आरशाऐवजी काटकोनी प्रिझम बसवणार असाल, तर लेझर सुरू करण्याआधी तो हातात घेऊन खिडकीशी जा. एका आखूड बाजूतून आत बघा. आतून कर्णाची बाजू चांदीचा मुलामा दिल्यासारखी चकाकते. मुलामा कसला, नुसती काच आहे! आता बाहेरून कर्णाला कोरडं बोट टेकवा. बोटावरच्या रेषा तेवढ्या उमटतील. बोट ओलं करून टेकवा. अख्खा डाग काळपट पडेल.

बीके७ या प्रिझमच्या काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते त्याचं माप) सुमारे १.५१७, म्हणून हवेशी क्रांतिक कोन ४१.२ अंश; याहून तिरका पडलेला प्रकाश काचेबाहेर पडत नाही. किरण कर्णावर ४५ अंशांनी पडतो आणि सगळाच्या सगळा परत फिरतो. पाणी लागलं की क्रांतिक कोन ६१ अंशांच्या पुढे जातो आणि प्रकाश निसटतो. बोटांचे ठसे टिपणारी कित्येक यंत्रं हेच वापरतात.

मी हे चुकून शिकले. सगळ्यात मोठी बाजू म्हणून कर्णच गोंदाने चिकटवला. गोंदाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास, त्यामुळे किरण सरळ गोंदात शिरला आणि मी दोन तास लेझरला दोष देत बसले. गोंद लावायचाच तर खालच्या त्रिकोणी बाजूला, एखाद-दोन थेंब. कर्णामागे हवा हवीच.

पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने एकदाच फिरवा. कोरडं घासलंत तर चरे पडलेच समजा.

जुळवणीला लेझरची शक्ती कमीत कमी ठेवा, किरण डोळ्यांच्या उंचीवर नको. मुलामा नसलेल्या प्रवेशाच्या बाजूवरून साधारण ४ टक्के प्रकाश मागे येतो. तो ठिपका आधी लेझरच्या तोंडावर आणा, तिरकेपणा मोजायचं हे शून्य. मग प्रिझम किंचित तिरका करा, म्हणजे परतलेला प्रकाश लेझरमध्ये शिरणार नाही. किंचितच हं, कारण एका दिशेला साडेपाच अंशांच्या पुढे गेलात की कर्णातून प्रकाश गळायला लागतो. ध्रुवीकरण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) जपायचं असेल तर ते आपतन प्रतलाला, म्हणजे येणारा आणि वळलेला किरण ज्या प्रतलात असतात त्याला, समांतर किंवा लंब ठेवा, तिरकं ठेवलंत तर लंबवर्तुळाकार होतं.

प्रिझम थोडाही हलून चालणार नसेल तर पेंटाप्रिझम (पाच बाजूंचा प्रिझम) घ्या. तो जरासा फिरला तरी किरण ९० अंशांतच वळतो. मात्र त्याच्या परावर्तक बाजूंवर किरण २२.५ अंशांनी पडतो, म्हणून तिथे खराखुरा मुलामा असतो. त्याला ओलं बोट लावून बघू नका.