भंडारदऱ्याला दोन दिवसांसाठी येताय? या चुका टाळा

भंडारदऱ्याजवळ, सांदण दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावात माझी मावशी राहते. घरी पर्यटकांना जेवण देते, अंगणात तंबू लावून देते. गावात रेंज येते-जाते, त्यामुळे फोनवरचं सगळं बोलणं नाशकात बसून मी करते. पावसाळा संपला की शुक्रवारी संध्याकाळी फोन सुरू होतात आणि चुका त्याच त्या. माणसं बदलतात, गाड्या बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गडाचं नाव टाकून गाडी हाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लोक फोनमध्ये ‘सांदण दरी’ किंवा ‘हरिश्चंद्रगड’ टाकतात आणि निघतात. गड म्हणजे काही पत्ता नव्हे. हरिश्चंद्रगडालाच पाचनईकडून वाट आहे, खिरेश्वरकडून आहे, खाली कोकणातून नळीची वाट आहे. या तीन वाटांच्या पायथ्याची गावं एकमेकांपासून गाडीने काही तासांच्या अंतरावर आहेत. गावाचं नाव आधी ठरवायचं आणि मग फोनला विचारायचं.

एका डिसेंबरातली गोष्ट सांगते. ठाण्याहून एक कुटुंब येणार होतं. आजी-आजोबा, दोन मुलं, मुलांचे आई-बाबा आणि एक तरुण काका. मी साम्रद म्हणून सांगितलं होतं, घोटीवरून शेंडीमार्गे या असंही सांगितलं होतं. पण त्यांच्या एका मित्राने आदल्या वर्षी सांदण दरी केली होती आणि त्याने त्यांना लोकेशन पाठवलं. घाटातल्या रस्त्याने कशाला फिरायचं, हे जवळ आहे, असं ठरवून ते त्या लोकेशनवर निघाले.

संध्याकाळी सातला फोन. “ताई, आम्ही पोहोचलो. मावशींचं घर कुठलं?” मी विचारलं, समोर काय दिसतंय? म्हणाले, अंधार आहे, पण समोर भलामोठा कडा आहे, मान वर करून बघावा लागतो. तेव्हाच मला कळलं. साम्रदला सह्याद्रीचा कडा पायाखाली असतो. तो डोक्यावर दिसत असेल तर तुम्ही कोकणात आहात.

त्यांच्या मित्राने साम्रदहून दरीत उतरून, दोर लावून ट्रेक खाली पूर्ण केला होता. ते लोकेशन ट्रेक संपला तिथलं होतं, शहापूर तालुक्यातल्या डेहण्याचं. नकाशावर डेहणे आणि साम्रद अगदी शेजारी दिसतात. मध्ये सह्याद्रीची अख्खी भिंत आहे, हे नकाशा बोटाने मोठा-लहान करून कळत नाही. डेहण्यातल्या कुणीतरी सांगितलं की वर जायला पायवाट आहे. ते ऐकून काकाने मला विचारलं, “मग आम्ही दोघं चालत वर येऊ का? गाडी दादा घेऊन येईल.” रात्रीचे साडेसात, हातात मोबाइलची बॅटरी, वाट माहीत नाही. मी शक्य तेवढ्या कडक शब्दांत नको म्हटलं आणि त्यांच्या आजोबांना फोन द्यायला सांगितला. आजोबांनी ऐकलं, त्यामुळे पुढचं निभावलं.

मग डोळखांब, महामार्ग, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, शेंडी आणि शेवटी साम्रद. साडेबाराच्या पुढे गाडी दारात आली. मुलं मागच्या सीटवर झोपलेली, आजींचे पाय सुजलेले. मावशीने चुलीत निखारे राखून आमटी गरम ठेवली होती. जेवायची ताकद दोघातिघांनाच होती. सकाळी सातला दरीत उतरायचं ठरलं होतं, निघाले अकराला आणि पहिल्या पाण्यापासूनच परत फिरले. एका चुकीच्या लोकेशनपायी दोनपैकी एक दिवस संपला.

मी पाहुण्यांना आता मुक्कामाच्या गावाबरोबर वाटेतल्या गावांची नावंही ओळीने लिहून पाठवते, आणि ती कागदावर उतरवून घ्या म्हणून सांगते. मुंबईकडून येणाऱ्यांनी घोटीला थांबून एक फोन करायचा, कारण तिथून पुढे रेंजचा भरवसा नाही. पुण्याकडून संगमनेर-अकोलेमार्गे येणाऱ्यांनी राजूरला थांबून करायचा. दुसऱ्याने पाठवलेल्या लोकेशनवर येऊ नका. ज्यांच्याकडे उतरायचं आहे त्यांच्याकडूनच मागून घ्या. घोटीनंतर फोन एक तास म्हणतो तिथे मी दीड धरते, पावसाळ्यात दोन. आणि डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, डोंगराच्या आड तर त्याआधीच जातो. गाडी साडेपाचपर्यंत गावात लागेल अशा बेताने निघा.

दोन दिवसांत सगळं

“शनिवारी कळसूबाई, संध्याकाळी रतनगड, रविवारी सांदण आणि येताना रंधा धबधबा.” असा बेत मला नेहमी ऐकवला जातो. व्हिडिओत दहा मिनिटांत सगळं दिसतं म्हणून पायांनाही ते जमेल असं नाही. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून चढायला बेताच्या चालीने तीन तास, उतरायला दोन-अडीच. शनिवार-रविवारी लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते तो वेळ वेगळा. नवरात्रात तर वर देवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची गर्दी असते. त्या दिवसांत ट्रेक म्हणून येऊच नका, दर्शनाला म्हणून या.

दोन दिवसांत एकच चढाई करा. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचा, जेवा, संध्याकाळी घाटघरच्या कड्यावरून कोकण बघा किंवा रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर बघा. त्या मंदिरासाठी तास-दीड तास मोकळा ठेवा, कारण बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम उभ्या-उभ्या फोटो काढून दिसत नाही. चढाई रविवारी पहाटे. ज्यांना एकाच दिवशी दोन ठिकाणी ‘टिक’ करायची घाई आहे, त्यांच्याबरोबर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आणि मुलांचे हाल मी बघितले आहेत, म्हणून या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

जेवण सांगण्यात हयगय

हा माझ्या मनाला लागणारा विषय आहे, त्यामुळे थोडं जास्त लिहिते.

गावातलं घर म्हणजे हॉटेल नाही. तिथे फ्रीजमध्ये मळलेलं पीठ आणि चिरलेला कांदा तयार नसतो. बाराजणांचं जेवण म्हणजे माणशी तीन धरल्या तरी छत्तीस भाकऱ्या. नाचणीचं किंवा तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात कालवायचं, गोळा मळायचा, परातीत थापायचा, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. एक तवा असेल तर दीड तास मावशी चुलीपुढून उठत नाही. पीठही आधी दळून आणावं लागतं, आणि वीज गेली की गिरणी बंद.

गावरान कोंबडीचं तर त्याहून अवघड. “ताई, रात्री आठला पोहोचतो, कोंबडी करून ठेवा,” असा फोन संध्याकाळी सहाला येतो. गावरान कोंबडी आधी कुणाच्या तरी घरून आणावी लागते, आणि एकदा ती खुराड्यात गेली की अंधारात धरणं, कापणं, साफ करणं, मसाला वाटणं आणि मग चुलीवर शिजवणं. तिचं मांस ब्रॉयलरसारखं वीस मिनिटांत शिजत नाही, तास-दीड तास लागतोच. घाई केली की चिवट राहते, आणि मग तेच लोक जेवण बरं नव्हतं म्हणून लिहितात.

दुसरी बाजू याहून वाईट. बाराजण सांगायचे आणि सातजण यायचं. “पाचजणांचं ऐनवेळी रद्द झालं, सातांचेच पैसे देतो.” एकदा असंच झालं तेव्हा उरलेल्या भाकऱ्या मावशीने दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी वाटल्या. तक्रार तिने केली नाही, ती कधीच करत नाही. पण कोंबडीचे पैसे तिने आधीच शेजारणीला दिले होते, ते तिच्या पदरचे गेले. तेव्हापासून मी अर्धे पैसे आगाऊ घेते आणि आकडा आदल्या दिवशी दुपारपर्यंत पक्का करून घेते. त्यानंतर माणसं कमी झाली तरी पैसे पूर्ण. यावर घासाघीस करणाऱ्यांना मी नम्रपणे दुसरं ठिकाण बघायला सांगते.

तुम्ही एवढंच करा: किती माणसं, किती शाकाहारी, लहान मुलं किती, कुणाला तिखट चालत नाही, हे आदल्या दिवशी एकाच निरोपात कळवा. उशीर होणार असेल तर पिठलं-भाकरी सांगा. गरम पिठलं, ठेचा आणि भाकरी मिळाली की दमलेल्या माणसाला दुसरं काही लागत नाही.

सांदण दरीत पावसाच्या अंदाजाकडे दुर्लक्ष

सांदण म्हणजे डोंगराला पडलेली अरुंद, खोल भेग. दोन्ही बाजूंना सरळ भिंती. छपराच्या पन्हळीत पाणी येतं तसं वरच्या सगळ्या उतारांचं पाणी तिच्यातूनच खाली कोकणात जातं. आत असताना पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नाही. म्हणून पावसाळ्यात दरीत उतरायचंच नाही. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस किंवा मे महिन्यातला वळीव आभाळात दिसत असेल तरीही नाही. “इतक्या लांबून आलोय” हे कारण मी मानत नाही.

कोरड्या दिवसांतही वाटेत पाण्याची डबकी असतात. पावसाळा नुकताच संपला असेल तर कमरेपर्यंत पाणी, आणि हिवाळ्यात ते बर्फासारखं गार. मोबाइल आणि कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. बूट घासून गुळगुळीत झालेले नकोत, इथले दगड हलतात. गावातला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे वाचवून काही साधत नाही.

काजव्यांच्या दिवसांत गाडीचे दिवे

मे अखेरपासून पाऊस चांगला धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात. हे लुकलुकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना केलेल्या खुणा. त्यांच्यावर गाडीचे दिवे, फ्लॅश, बॅटऱ्या मारल्या की त्या खुणा चुकतात. मग पुढच्या वर्षी काजवे कुठून येणार? हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. वनखात्याच्या चौकीवर पावती फाडा आणि त्यांनी दिलेल्या वेळा पाळा.

शनिवारी रात्री तलावाकाठच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, त्या उजेडात काजवे दिसतही नाहीत. गाडी मुक्कामी ठेवा, घरच्या माणसाबरोबर शिवाराच्या कडेला चालत जा, बॅटरी बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं अंधारात गप्प बसा. डोळे सरावले की झाडच्या झाड एका तालात उजळताना दिसतं. सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. आणि स्पीकर आणू नका, ही हात जोडून विनंती.

बाकीच्या, थोडक्यात

धबधबे बघायला मे महिन्यात येणं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं. त्याच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच पडतो, रंधालाही वरून पाणी यावं लागतं. निघण्यापूर्वी विचारा.

रोख पैसे न आणणं. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. एटीएम आणि पेट्रोल दोन्ही घोटीला किंवा राजूरला उरकून घ्या.

धरणाच्या पाण्यात पोहणं. काठ उथळ वाटतो, पुढे गाळ आणि एकदम खोली. पाय भिजवा, आत उतरू नका.

कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढच्या जीपची चौकशी न करणं. दुपारनंतर आतल्या गावांकडे जाणाऱ्या गाड्या कमी होतात. सकाळची लोकल पकडा.

डिसेंबर-जानेवारीत तंबूत पातळ चादरीवर झोपणं. तलावाकाठी रात्री चांगलाच गारठा असतो. कानटोपी आणि जाड पांघरूण आणा, यजमानांकडे सगळ्यांना पुरतील इतकी घोंगडी नसतात.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रभर गाडी चालवत येणं. पहाटे कसारा घाटात झोपाळलेल्या डोळ्यांनी गाडी चालवण्यापेक्षा घरी झोपा आणि शनिवारी पाचला निघा. जेवायच्या वेळेला आरामात पोहोचता.

परतीची वेळ

रविवारी सगळे एकाच वेळी निघतात, चारच्या सुमाराला, आणि घाटापासून भिवंडीपर्यंत अडकत जातात. दोनच्या आत गाव सोडलं तर उजेडात घाट उतरता येतो. सोमवारी रजा टाकता येत असेल तर त्याहून बरं: रविवारी रात्र राहा आणि सोमवारी पहाटे निघा. त्या रात्री जागा सहज मिळते, मावशीलाही उसंत असते, आणि कोंबडी सकाळीच सांगून ठेवलेली असली तर नीट शिजलेली मिळते.