ड्रायव्हरचा पॅच शैलीवरून परत आला? या चुका टाळा

लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, पहिल्यांदा डिव्हाइस ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिणाऱ्याचा पॅच, म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधला बदल, पुष्कळदा हार्डवेअरमुळे नव्हे, तर टॅब, कंस आणि ओळीची लांबी यांवरून परत येतो, आणि हा सगळा मेंटेनरच्या (त्या विभागाचा कोड सांभाळणाऱ्याच्या) आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे त्याला वाटू लागते. ही समजूत आधी सोडायला हवी. मूळ लेखक नोकरी बदलतो, कंपनी ती चिप बनवणे थांबवते, तरी ड्रायव्हर वर्षानुवर्षे कर्नलमध्ये राहतो आणि कोणा अनोळखी माणसाला तो वाचून दुरुस्त करावा लागतो. शैलीचे नियम त्या माणसासाठी आहेत.

सर्वांत महागात पडते ते दोष दुरुस्त करता करता आजूबाजूचा कोडही नीटनेटका करणे. समजा, इंटरप्ट हँडलरमधली एकच ओळ बदलायची होती, पण फाइल सेव्ह करताना एडिटरने दोनशे ओळींचे इंडेंटेशन बदलले. आता रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल शोधत बसावे लागते आणि ‘गिट ब्लेम’ (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी आज्ञा) त्या सगळ्या ओळींवर तुमचे नाव दाखवते. शिवाय ती दुरुस्ती स्टेबल (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्त्यांमध्ये जाण्याची वाटही बंद होते, कारण तिथल्या नियमानुसार पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा आणि त्यात रिकाम्या जागांची साफसफाई मुळीच नसावी. म्हणून दुरुस्तीचा पॅच आधी आणि स्वतंत्र ठेवावा. पाठवण्यापूर्वी रिकाम्या जागांचे बदल वगळून डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) एकदा पाहिला, तर एडिटरने केलेली ढवळाढवळ लगेच उघडी पडते.

दुसरी चूक ‘चेकपॅच’ या तपासणी स्क्रिप्टचा शब्द अंतिम मानण्याची. तिच्या सूचना मार्गदर्शक आहेत, माणसाच्या निर्णयाला पर्याय नाहीत, असे कर्नलच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. याचे एक उदाहरण नवशिक्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘यूडिले’ऐवजी ‘यूस्लीप_रेंज’ वापरा, अशी सूचना ही स्क्रिप्ट कडक तपासणीत देते. पहिले फंक्शन प्रोसेसरला अडवून वेळ काढते, तर दुसरे थ्रेडला झोपवते. तो कोड स्पिनलॉक नावाचे कुलूप धरून चालत असेल, तर झोपणे तिथे निषिद्ध असते. सूचना डोळे झाकून पाळली, तर चालू ड्रायव्हर ‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ (झोपायला मनाई असताना झोपला) असा संदेश देऊन कोलमडू शकतो. बदल वरवर शैलीचा दिसतो, पण परिणाम वर्तनावर होतो, आणि हाताशी हार्डवेअर नसताना पाठवलेल्या साफसफाईच्या पॅचकडे मेंटेनर साशंकतेने पाहतात, ते यामुळेच.

संपूर्ण कर्नलला एकच शैली आहे असे गृहीत धरणेही चुकते. टॅब आठ अक्षरांचा, हे सगळीकडे सारखे. मात्र ओळीच्या लांबीची चेकपॅचची मर्यादा २०२० मध्ये ८० वरून १०० झाली, तरी शैलीच्या दस्तऐवजात पसंती ८० लाच राहिली. नेटवर्किंगच्या ड्रायव्हरमध्ये स्थानिक व्हेरिएबल लांब ओळीकडून आखूड ओळीकडे उतरत्या क्रमाने मांडायची अपेक्षा असते, इतर बऱ्याच ठिकाणी तिचा आग्रह नसतो. त्यामुळे नवा ड्रायव्हर लिहिण्यापूर्वी त्याच डिरेक्टरीतले, अलीकडेच स्वीकारले गेलेले दोन-तीन ड्रायव्हर वाचावेत. जुन्या फाइलमध्ये भर घालताना तिची आहे ती शैली पाळावी, मग ती आपल्याला कितीही खटको.

कंपन्यांच्या कोडबाबत वाद अधिक खोल जातो. एकच कोड विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालावा म्हणून मध्ये स्वतःचा थर घालायचा, हा त्यांचा सोयीचा मार्ग. २०१६ मध्ये एएमडी या चिप कंपनीचा डिस्प्ले कोड याच कारणावरून ग्राफिक्स विभागाचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी नाकारला होता. बरीच फेररचना झाल्यावर तो कर्नलच्या ४.१५ या आवृत्तीत आला. माझ्या मते तो नकार योग्यच होता, कारण असा थर कर्नलच्या इतर विकासकांना परका राहतो आणि त्याची देखभाल कायम कंपनीवर अवलंबून राहते. टाइपडेफ (डेटा-प्रकारांना दिलेली वेगळी नावे) आणि स्वतःची मेमरी फंक्शने भरून आणलेला छोटा ड्रायव्हरही याच कारणाने अडतो.

कधी कधी कोड निर्दोष असूनही पॅच लागूच होत नाही. अशा वेळी मेल प्रोग्रॅमने टॅबचे स्पेस केले आहेत का किंवा लांब ओळी मोडल्या आहेत का, ते आधी तपासावे. ‘गिट सेंड-ईमेल’ने पॅच स्वतःलाच पाठवून ‘गिट एएम’ने लावून पाहिला, की शंका फिटते.

रिव्ह्यूमध्ये मतभेद झाला, तर आपले म्हणणे कारणासह एकदा मांडावे: अमुक ओळ मोडल्यास रजिस्टरची नावे शोधता येणार नाहीत, असे. मेंटेनर तरीही ठाम असेल, तर त्याच्या पद्धतीने बदल करून, काय बदलले ते नोंदवून पुढची आवृत्ती पाठवावी.