एप्रिलच्या जेईई मेनआधी मेकॅनिक्सची तयारी

एप्रिलचं सत्र जवळ आलंय, म्हणून ही यादी. जानेवारीत माझे मेकॅनिक्समधले मार्क गेले ते बहुतेक एकाच जागी, घर्षणात. त्यामुळे घर्षण खाली पुन्हा पुन्हा येणार आहे. टाळून पुढे जाऊ नका.

सूत्रं, एककं, हातानं आकडेमोड (कॅल्क्युलेटर मिळत नाही): हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एका वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) प्रत्येक वस्तूची वेगळी काढायची. प्रश्नात दिलेल्या आकृतीकडे बघून मनातल्या मनात बाण काढणं बंद करा. ब्लॉक रफ कागदावर सुटा काढा, शेजारी तो कोणता ते लिहा आणि प्रत्येक बाणाला विचारा, हे बल कोण लावतंय? दोरी, जमीन, पृथ्वी, दुसरा ब्लॉक, काहीतरी नाव आलं पाहिजे. नाव येत नसेल तर बाण खोडा. वर्तुळाकार गतीत बरेच जण केंद्राकडे एक जादा बाण काढतात. जमिनीच्या फ्रेममध्ये (जमिनीवरून बघताना) तसं वेगळं बल नसतंच. टेन्शन (दोरीचा ताण), नॉर्मल (पृष्ठभागाचं लंब बल), घर्षण, वजन यांची बेरीजच ते काम करते.

अक्ष त्वरणाच्या दिशेनं धरा. उतारावरून घसरणाऱ्या ब्लॉकला उताराला समांतर अक्ष बरोबर. पण बँक केलेल्या (वळणावर आतल्या बाजूला उतरत्या) रस्त्यावर गाडीचं त्वरण आडवं असतं, तिथे उतार दिसला म्हणून अक्ष तिरके केले की गणित विनाकारण लांबतं.

आता घर्षण. ५ किलोचा ब्लॉक आडव्या जमिनीवर, स्टॅटिक म्यू (न घसरतानाचा घर्षण गुणांक) ०.४, जी (गुरुत्व त्वरण) १०, आडवं बल १० न्यूटन. घर्षण किती? म्यू गुणिले नॉर्मल केलं की २० येतं, आणि पर्यायांत २० दिलेलाच असतो. उत्तर १० आहे. जमिनीनं खरंच २० लावलं असतं तर ब्लॉक उलट्या दिशेनं पळायला लागला असता! २० ही फक्त कमाल मर्यादा आहे. म्यू-एन (म्यू गुणिले नॉर्मल) दिसला की लगेच भरायचा, ही सवय मोडा.

क्रम असा. आधी धरा की घसरत नाही. तसं राहायला किती घर्षण लागेल ते काढा. मग ते मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेत बसलं तर लागणारं तेवढंच उत्तर. बसलं नाही तरच घसरतंय, आणि तेव्हाच म्यू-एन लिहायचं, तेही कायनेटिक (घसरतानाचा) म्यू घेऊन.

एकावर एक ठेवलेल्या ब्लॉकना हेच. खाली ४ किलो, वर २ किलो, मध्ये म्यू ०.३ (स्टॅटिक आणि कायनेटिक एकच धरू), जमीन गुळगुळीत. खालच्याला १२ न्यूटननं ओढलं तर एकत्र त्वरण २. वरच्याला लागणारं घर्षण ४, मर्यादा ६. एकत्रच जातात, घर्षण ४. आता २४ न्यूटननं ओढा. लागणारं ८ येतं, मर्यादेबाहेर. म्हणजे घसरले: वरच्याचं त्वरण ३, खालच्याचं ४.५. प्रश्नाची भाषा दोन्ही वेळा तीच असते, फरक फक्त ताडून बघितल्यावर कळतो. ही तुलना रफ कागदावर प्रत्यक्ष लिहा. डोक्यात केलेली तुलना घाईत सुटते.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडचं वळण सपाट धरा. तिथे गाडीवरचं केंद्राकडचं घर्षण वेगानं ठरतं, म्यूनं नाही. म्यू फक्त सर्वांत जास्त वेग किती चालेल ते सांगतो.

पुलीत दोरीची लांबी कायम, हे समीकरण आधी लिहा. हलत्या पुलीचं त्वरण तिच्या दोन्ही बाजूंच्या दोरीच्या त्वरणांची सरासरी, चिन्हांसकट. अंदाजानं निम्मं किंवा दुप्पट लिहू नका.

स्यूडो फोर्ससाठी (त्वरण असलेल्या डब्यात बसून सोडवताना धरायचं आभासी बल) लोकलसारखी प्रयोगशाळा नाही. ऐरोलीहून ठाण्याकडे गाडी सुटताना वरची हँडल मागे झुकतात. हँडलचा उभ्या रेषेशी कोन थीटा, तर टॅन थीटा म्हणजे गाडीचं त्वरण भागिले जी. हे एकदा प्लॅटफॉर्मवर उभं राहून सोडवा, एकदा डब्यात बसून. डब्यातून सोडवताना स्यूडो फोर्स घ्यायचा आणि हँडल डब्याच्या तुलनेत स्थिर धरायचं. प्लॅटफॉर्मवरून सोडवताना स्यूडो फोर्स नाही. दोन्ही एकाच समीकरणात मिसळले की उत्तर गेलं.

पद्धत कोणती हे प्रश्न काय विचारतोय त्यावर. वेळ किंवा टेन्शन हवं तर न्यूटन. वेग आणि उंची असेल तर ऊर्जा. गोळी लटकत्या ठोकळ्यात रुतली तर रुतेपर्यंत संवेग, वर झुलताना ऊर्जा. रुतताना यांत्रिक ऊर्जा अक्षय्य धरू नका.

रोलिंगमध्ये परत घर्षण, आणि परत तीच चूक. भरीव गोळा उतारावरून न घसरता घरंगळतो तेव्हा घर्षण म्यू-एन नसतं. ते एमजी साइन थीटाच्या (थीटा हा उताराचा कोन) २/७ असतं, आणि म्यू किमान टॅन थीटाच्या २/७ असेल तरच प्युअर रोलिंग शक्य. सपाट जमिनीवर एकसमान वेगानं प्युअर रोलिंग करणाऱ्या चाकावर घर्षण शून्य. आधी लागणारं काढा!

उत्तर आलं की एक टोक तपासा. म्यू शून्य केला किंवा दोन्ही वस्तुमानं सारखी केली तर उत्तर पटतं का?

सराव घड्याळ लावून. ७५ प्रश्न, १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सरासरी २ मिनिटं २४ सेकंद. घरी गोंगाट असेल तर अभ्यासिकेत बसा. चुकीला वजा १, अंकी उत्तरांच्या प्रश्नांनाही. सीईटी देणार असाल तर तिथे निगेटिव्ह नाही, पण फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत आहेत, तो सराव वेगळा करा. चुकांची वही ठेवा, घर्षणाचं पान वेगळं.

शेवटचा आठवडा: नवीन धडा उघडू नका. जुने पेपर, चुकांची वही, झोप.

सेंटर आधी बघून या. पेपर रविवारी आला तर मेगाब्लॉक बघा, ट्रान्सहार्बरवरही (ठाणे-वाशी लाइन) असतो. ॲडमिट कार्ड, मूळ ओळखपत्र, फोटो, पेन. गेट पेपरच्या आधीच बंद होतं, ती वेळ कार्डावर असते. पेपरमध्ये जी १० की ९.८ ते वाचा. रफ कागदावर नाव आणि रोल नंबर आधी लिहा, निघताना तो परत द्यायचा असतो.