लसीमुळे इजा झाल्यास अमेरिकेत भरपाईचा दावा कसा करावा

लस घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी खांदा धरला, हात डोक्यापर्यंत जाईना. अशा वेळी बहुतेक जण शेक घेतात, मलम चोळतात आणि ‘होईल कमी’ म्हणत दीड महिना काढतात. मग डॉक्टर विचारतात, “कधीपासून दुखतंय?” आपण सहज बोलून जातो, “झाले काही आठवडे.” डॉक्टर तेच लिहितात, आणि पुढे दावा अडतो तो या एका ओळीवर. म्हणून त्रास सुरू होताच दाखवा. लस कोणत्या तारखेला, कोणत्या दंडावर घेतली आणि दुखणं कोणत्या दिवशी सुरू झालं, हे नेमकं सांगा. लिहिलेलं वाचूनही घ्या.

आता योजनेकडे वळू. अमेरिकेत अशा दाव्यात थेट लस कंपनीवर खटला भरता येत नाही. १९८६ च्या कायद्याने त्यासाठी वेगळी भरपाई योजना आखली आणि ती १९८८ पासून सुरू आहे. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती ज्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर बसतो. भरपाई त्याच निधीतून मिळते. इथे कोणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही.

पहिलं काम म्हणजे तुमची लस या योजनेत बसते का ते पाहणं. फ्लू, धनुर्वात, गोवर-गालगुंड-रुबेला या लसी बसतात, नागिणीची बसत नाही. कोविडच्या लसीसाठी दुसरीच योजना आहे. तिथे लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो आणि वकिलाचा खर्च मिळत नाही.

मुदत तीन वर्षांची आहे. ती पहिल्या लक्षणापासून मोजतात, निदानापासून नाही. इथे फार लोक फसतात. मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षांत आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत दावा हवा. एरवी त्रास लसीनंतर सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा, किंवा त्यासाठी रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया झालेली असावी. ‘वेअर्स’वर नोंद केली म्हणजे दावा दाखल झाला, असं मुळीच नाही. ती फक्त लसींच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारी नोंदवही आहे.

मग कागदपत्रं जमवा. लसीची नोंद मागवली की आधी दंड बघा. लस उजव्या दंडावर घेतलेली असते आणि नोंदीत डावा लिहिलेला असतो, असं खरंच घडतं. चूक दिसली तर लगेच कळवा, सोबत आलेल्या माणसाचं शपथपत्र करून ठेवा. लसीआधीच्या काही वर्षांच्या वैद्यकीय नोंदीही लागतात, कारण दुखणं जुनं नव्हतं हे दाखवावं लागतं.

सरकारी तक्त्यात कोणत्या लसीनंतर कोणती इजा किती काळात दिसावी ते दिलेलं आहे. तीव्र अ‍ॅलर्जी चार तासांत, खांद्याची इजा ४८ तासांत, फ्लूच्या लसीनंतर गियाँ-बारे (नसांवर हल्ला होऊन स्नायू दुबळे पडण्याचा आजार) ३ ते ४२ दिवसांत. तक्त्याच्या अटींत बसलात तर कारण लसच असं गृहीत धरलं जातं, मात्र सरकारला दुसरं कारण सिद्ध करता येतं. नाहीतर तज्ज्ञाच्या मदतीने तीन गोष्टी मांडाव्या लागतात: लसीने अशी इजा होऊ शकते याची वैद्यकीय कारणमीमांसा, तुमच्या बाबतीत ती लसीमुळेच झाली हे दाखवणारी कार्यकारणाची साखळी आणि जुळणारा कालावधी. ‘लसीनंतर झालं’ एवढ्यावर भागत नाही, आणि ते रास्तच आहे. लसीमुळे ऑटिझम झाल्याचे दावे २००९-१० मध्ये पुराव्याअभावीच फेटाळले गेले.

वकिलाच्या फीला घाबरून मागे फिरू नका. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर हरलात तरी वाजवी फी निधीतून दिली जाते. वकिलाला तुमच्याकडून वेगळी फी घेता येत नाही.

याचिका वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स न्यायालयात दाखल होते. तिथे ज्युरी नसते, ‘स्पेशल मास्टर’ म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेले न्यायिक अधिकारी निकाल देतात. बरेच दावे तडजोडीने मिटतात. उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई मिळते, वेदनांसाठी कमाल अडीच लाख डॉलर. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत तसं लेखी कळवून कंपनीवर खटला भरता येतो, पण लसीच्या रचनेतच दोष होता हा मुद्दा २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तिथे चालत नाही.