पालकांना निरोप पाठवताना या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा शिक्षक आला की त्याच्याकडे पहिल्या आठवड्यातच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचं काम येतं. तरुण आहे, मोबाइल हातात असतोच, मग करेल, असा हिशोब. मी वीस वर्षांहून जास्त काळ पालकांना निरोप देतोय. आधी वहीत चिठ्ठी, मग फोन, आता गट. साधनं बदलली तरी चुका त्याच आहेत, आणि त्या दरवर्षी पाहून आता खरंच जीव वैतागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पावसाच्या सुट्टीचा आदेश न वाचता पुढे ढकलणं.

अतिवृष्टीत शाळांना सुट्टी देण्याचा आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली जिल्हाधिकारी काढतात. त्यावर जावक क्रमांक असतो, तारीख असते, कोणत्या तालुक्यांना आणि कोणत्या दिवसापुरता हे लिहिलेलं असतं. जुलै आला की गेल्या वर्षीचे, शेजारच्या जिल्ह्याचे असे सगळे आदेश पुन्हा फिरायला लागतात. फोटो कापलेला असतो आणि तारखेचा कोपराच नेमका गायब असतो. आमच्याकडे एका सहकाऱ्याने सकाळी पावणेसातला असाच एक फोटो गटात टाकला. आदेश आदल्या वर्षीचा होता. पटावर ११२ मुलं, त्या दिवशी आली १४. खिचडीचा तांदूळ निवडून झाला होता, स्वयंपाकी मावशी विचारत होत्या की किती शिजवू. दिवसभर आम्ही घरोघर फोन करत बसलो.

एक दिवस वाया गेला, एवढ्यावर भागलं असतं. पण चारच दिवसांनी खरा आदेश आला. रात्री आला, आम्ही लगेच टाकला, आणि वस्तीवरच्या पालकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मागच्या वेळी खोटं निघालं होतं, आताही तसंच असेल म्हणून त्यांनी पोरं पाठवली. सकाळी साडेनऊला मी ओढ्यापाशी पोचलो तेव्हा पाचवीतल्या दोन मुली पलीकडच्या काठावर दप्तर डोक्यावर धरून उभ्या होत्या. पाणी गढूळ आणि कंबरेच्या वर. मी अलीकडून ओरडत होतो, मागं फिरा, घरी जा. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकूच जात नव्हतं. शेवटी हातवारे करून परत पाठवल्या. ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून माझी सवय ठरली आहे. आदेशाचा फोटो आला की आधी तारीख, वर्ष आणि जिल्हा बघायचा. मग केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, फोन. ते हो म्हणाले की फोटोच्या वर माझ्या शब्दांत एक ओळ लिहायची: ‘उद्या, मंगळवार, २३ जुलै २०२४ रोजी आपली शाळा बंद आहे. बुधवारी नेहमीच्या वेळेला भरेल.’ वार, तारीख, वर्ष, पुन्हा कधी भरणार, सगळं त्यात हवं. ‘उद्या सुट्टी’ एवढंच लिहू नका. काही पालक तो निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतात आणि त्यांचा ‘उद्या’ वेगळा होतो. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. सगळ्यांच्या आधी टाकण्याची घाई कशासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तीही सविस्तर सांगतो. वरून आलेलं पत्र जसंच्या तसं पालकांना पाठवणं.

‘उपरोक्त विषयान्वये सर्व पालकांना कळविण्यात येते की पाल्याचे आधार तात्काळ अद्ययावत करून घ्यावे.’ हे मी गटात टाकलं होतं. मुलाचं आधार लहानपणी काढलेलं असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात. ते पाच वर्षं पूर्ण झाल्यावर द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. मला हे पाठ होतं, म्हणून लिहावंसं वाटलं नाही. पहिलीतल्या एका मुलीची आई सोयाबीनच्या काढणीची रोजी बुडवून एसटीने तालुक्याला गेली, दोन तास रांगेत थांबली. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, मुलगी कुठंय? मुलगी शाळेत होती. हजेरी बुडू नये म्हणून आईनेच पाठवली होती. ठसे घ्यायला बोटंच नव्हती. संध्याकाळी ती माऊली शाळेच्या पायरीवर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, ‘सर, पोरीला न्यायचं म्हणून तुम्ही लिवलं कुठं?’

खरंच लिहिलं नव्हतं.

आता पत्र आलं की ते मी बाजूला ठेवतो आणि वहीत चार गोष्टी लिहितो: कोणी जायचं, कुठे, सोबत काय न्यायचं, कधीपर्यंत. मग तो मजकूर चौथीतल्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला लावतो. तो जिथे अडखळतो तो शब्द बदलतो, कारण पुष्कळ घरांत निरोप वाचून दाखवणारं तेच पोर असतं आणि ऐकणारी आजी असते. ‘पाल्य’ लिहू नका, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहा. ‘अद्ययावत’ तर नकोच.

कशासाठी हेही सांगायचं. ‘एनएमएमएसचे अर्ज भरावेत’ असं टाकलं की कोणी हलत नाही. आठवीत परीक्षा आहे, निवड यादीत नाव आलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, असं लिहिल्यावर वडील स्वतः कागद घेऊन आले. नावाचं स्पेलिंग आधारवर, बँकेत आणि शाळेच्या दाखल्यावर एकच आहे का, ते त्याच वेळी तपासून घ्या. पैसे तिथेच अडकतात.

काहीजण शेवटची तारीख मुद्दाम चार दिवस आधीची सांगतात. मला हे पटत नाही. पालकांना एकदा कळलं की पुढची खरी तारीखही ते खरी मानत नाहीत, आणि त्याचं पुढे काय होतं ते ओढ्यावर पाहिलंय.

मुलांची यादी आधार क्रमांक आणि बँक खात्यासकट गटात टाकू नका. कधीच नाही. ‘सगळे आपलेच आहेत’ हे उत्तर मला चालत नाही. ज्याचं चुकलंय त्याला एकट्याला कळवा. गुणांचंही तसंच.

अपारच्या, म्हणजे प्रत्येक मुलाच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाच्या, संमतीपत्रावर सही पालकांचीच हवी. मधल्या सुट्टीत पोरांकडून सह्या उरकून घेऊ नका.

रात्री दहानंतर निरोप नको, सुट्टीचा सोडून.

गटात निळ्या खुणा दिसल्या म्हणजे निरोप पोचला, हा नव्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप पुण्याला बांधकामावर. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली घरं तर एप्रिलपर्यंत गावातच नसतात. त्यांना निघण्याआधी गाठून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मुलाला जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणूनचं कार्ड, हातात द्यावं लागतं, ते गटातून होत नाही. माझ्याकडे फोन नसलेल्या किंवा फोन बाहेर असलेल्या घरांची वेगळी यादी आहे, यंदा १९ घरं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांना फक्त ठरावावर सह्या करायला बोलावू नका. आमच्याकडे प्रत्येक वस्तीवरच्या एका ताईकडे तिथली चार-पाच घरं वाटून दिली आहेत. त्या पाणी भरताना सांगतात आणि मला कळवतात की सांगितलं.

पालकांनाही एक विनंती. सिमकार्ड बदललं की नवा नंबर शाळेत कळवा. मी दर जूनमध्ये हजेरीपट घेऊन प्रत्येक नंबर लावून बघतो. दहातले दोन-तीन बंद निघतातच. नवे नंबर मी पेन्सिलने लिहितो, दिवाळीनंतर पुन्हा खोडावे लागतात म्हणून.