रोवणीच्या दिवसात पायाला चीर असेल तर धानाच्या बांधीत उतरू नका

रामटेक, मौदा, पारशिवनी, कुहीकडच्या धानवाल्या भावांनो, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं तयार होत आली, पेंचच्या कालव्याचं पाणी आणि वरचा पाऊस यांच्या भरोशावर चिखलणी सुरू झाली की कोणाला जेवायला फुरसत नसते, ठाऊक आहे मला. तरी आज धानाच्या आधी पायाचं लिहितो, कारण दर हंगामात हीच चूक पाहतो आहे.

मागे एकदा शेजारच्या गावातल्या एका काकांच्या पायाला ट्रॅक्टरच्या केजव्हीलचा, म्हणजे चिखलणीच्या लोखंडी चाकाचा, पत्रा लागला. करंगळीखाली, बोटाच्या पेराएवढी चीर. त्यांनी बांधीतल्याच पाण्यानं रक्त धुतलं, वरून तंबाखू दाबला, फडकं बांधलं आणि संध्याकाळपर्यंत चिखलातच फिरले. शुगर होती, गोळी कधी घेतली कधी नाही घेतली. रात्री पाय ठणकायला लागला, सकाळी घोट्यापर्यंत सूज, दुपारी पिंढरीपर्यंत लाली आणि चिरेच्या बाजूला जांभळ्या पाण्यानं भरलेला फोड. पायाला चादर लागू देत नव्हते इतकं दुखत होतं, आणि जखम पाहिली तर तेवढीच छोटी. दुकानातून गोळ्या आणून खाण्यात दीड दिवस गेला. नागपूरला नेलं तेव्हा पाय उघडून सडलेला भाग काढावा लागला, दोन बोटं गेली. घरचे सगळे दवाखान्यात, इकडे चिखललेली बांधी तशीच पडून, पऱ्हे वाफ्यातच दीड महिन्याचे झाले, मग कसेबसे रोवले त्याला फुटवेच धरले नाहीत. पाऊस चांगला होता त्या वर्षी, खोडकिडीही नव्हती, धान गेलं ते त्या एका चिरेपायी.

तळं, बोडी, नदी, कालवा, बांधी, अशा गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचा जंतू राहतो आणि पाणी कोमट झालं की वाढतो. कातडी सलग असेल तर सहसा काही करत नाही. चीर, चिखल्या, नखुरडं, बिवाईची भेग, काहीही उघडं असलं की आत शिरतो. जखम बिघडणं क्वचितच होतं, पण होतं तेव्हा 24 ते 48 तासात पाय हाताबाहेर जातो, शुगरवाले आणि दारूनं लिव्हर खराब झालेले यांना तर सगळ्यात जास्त धोका. आणि दुकानदार जी नेहमीची अमॉक्सिसिलिन हातावर ठेवतो तिला हा जंतू सहसा दाद देत नाही, म्हणून ती खाऊन वाट पाहण्यातच वेळ जातो.

दुसरा आजार मेलिओइडोसिस. याचा जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात असतो, 1911 साली रंगूनमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, आणि भातशेतीत राबणाऱ्या शुगरवाल्या माणसाला जास्त पकडतो. जखम भरूनही जाते आणि 1 ते 21 दिवसात ताप, खोकला, अंगात कुठंतरी पू. एक्सरे पाहून टीबी समजतात कित्येकदा. औषध आहे, पण आधी किमान 10-14 दिवस शिरेतून इंजेक्शनं आणि मग 3 महिने गोळ्या, मधेच सोडल्या तर परत उलटतो. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, तर तुम्हाला माहीतच आहे, तोही याच भेगांतून शिरतो.

माझा एक अंदाज सांगतो, पुस्तकातला नाही. गोठ्याचं पाणी जिथं उतरतं ती खालची बांधी, आणि चार दिवस उघाड पडून दुपारी पाणी पायाला गरम लागतं ते दिवस, या दोन वेळी पाय जास्त चिघळतात. तिथली रोवणी मी सकाळीच उरकून घेतो.

रोवणीची बाकी कामं नेहमीचीच:
– रोप 21 ते 25 दिवसांचं
– अंतर 20 × 15 सेंमी, एका जागी 2-3 रोपं
– खत हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश. स्फुरद-पालाश पूर्ण आणि नत्र अर्धं रोवणीला, उरलेलं नत्र फुटव्याला आणि लोंबी धरताना
– रोवल्यावर पाणी उथळ ठेवणे

आता परत पायाकडे या.

चीर पडली की लगेच बाहेर या. बोअरच्या किंवा नळाच्या वाहत्या पाण्यानं साबण लावून 10-15 मिनिटं धुवा, बांधीच्या किंवा बोडीच्या पाण्यानं नाही. मग पोव्हिडोन आयोडीन आणि स्वच्छ पट्टी. तंबाखू, शेण, रॉकेल, झटपट चिकटणारा गोंद, काही टाकू नका. गोंदानं तोंड बंद होतं आणि घाण आतच राहते. वरून प्लास्टिकची पन्नी बांधून उतरतात तेही फसवं आहे, दोन तासात आत चिखल भरतो. गमबूट चिखलणीत फसतात, पण धुऱ्यावर म्हणजे बांधावर आणि गोठ्यात घालाच.

करप्यावर फवारायची ती 6 ग्रॅमची अँटिबायोटिकची पुडी जखमेवर भुरभुरताना मी लोकांना पाहिलं आहे. ती पिकाची आहे, माणसाची नाही. आणि जे दुकान महागड्या टॉनिकची बाटली गळ्यात मारतं ना, त्या एका बाटलीच्या पैशात साबण, आयोडीन आणि चिखल्यांचं क्लोट्रिमॅझोल मलम घरभर पुरेल एवढं येतं. मलम दिवसातून दोनदा, बरं वाटलं तरी दोन ते चार आठवडे, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच लावायचं. धनुर्वाताचं टीडी इंजेक्शन 5 वर्षांत घेतलं नसेल तर मळक्या जखमेला लागतं, सरकारी आरोग्य केंद्रात मिळतं. लेप्टोसाठी आठवड्याला 200 मिलीग्रॅम डॉक्सीसायक्लिन देतात, पण ते डॉक्टरच्या सांगण्यानंच, गरोदर बाईनं आणि लहान पोरांनी घ्यायचं नाही.

जखमेच्या मानानं दुखणं फार, लाली तासातासाला वर सरकते, जांभळा फोड, थंडी वाजून ताप, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, 108 लावा आणि सरळ नागपूरचा मेडिकल नाहीतर मेयो हा सरकारी दवाखाना गाठा. तिथं गेल्या गेल्या सांगा, “बांधीच्या पाण्यात जखम झाली, शुगर आहे.” हे डॉक्टरला आपणहून कळत नाही आणि औषध त्यावरच ठरतं. पू तपासायला पाठवा म्हणावं.

शुगरवाल्यांच्या पायाला काटा लागलेला कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन तळवे दुसऱ्याला दाखवा. रोवणीच्या बायांचे पाय आणि नखांच्या कडाही सकाळी उतरायच्या आधी पहा, आणि जिला जखम आहे तिला पऱ्ह्यांच्या पेंढ्या धुऱ्यावरून पोचवायचं काम द्या, पण रोजी पूर्ण द्या. रोजी कापली तर ती फडकं गुंडाळून, जखम लपवून उतरणारच, आणि तुम्हाला ते तिसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही तेव्हा कळेल.